खासदाराची नोंद आणि मतदाराची आठवण

निवडणुकीचा गुलाल धुऊन निघाला, भिंतींवरची पत्रके पावसाने गळून पडली, म्हणजे मतदाराचा आपल्या खासदाराशी संबंध काय उरतो? पाच वर्षांनी पुन्हा मत द्यावयाची वेळ येते, तेव्हा ओट्यावर, दुकानाच्या फळीवर, कचेरीच्या मधल्या सुट्टीत एकच प्रश्न निघतो : आपल्या माणसाने दिल्लीत केले काय? उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हणतो, आमच्या आळीला समाजमंदिर बांधून दिले. कोणी म्हणतो, घरच्या लग्नाला आवर्जून आले होते. कोणी म्हणतो, पाच वर्षांत तोंड दिसले नाही. ही तिन्ही उत्तरे खरी असू शकतील. पण ती त्या प्रश्नाची उत्तरे नव्हेत. खासदाराला आपण दिल्लीस पाठवितो ते कायदे करण्यासाठी, सरकारच्या खर्चाला मंजुरी देण्यासाठी किंवा ती नाकारण्यासाठी, आणि मंत्र्यांना जाब विचारण्यासाठी. या तीन कामांत त्याने काय केले याची नोंद संसदेच्या प्रत्येक बैठकीत लिहिली जाते आणि ती सर्वांना वाचावयास मोकळी असते. ही नोंद आपल्या हाती कशी आली, तीत काय सापडते, काय सापडत नाही, आणि ती वाचणाऱ्या मतदाराने आपल्या खासदाराशी कसे बोलावे, एवढाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ही नोंद कोणी खुशीने दिलेली नाही. ज्या ब्रिटिश पार्लमेंटला आपण संसदांची जननी म्हणतो, तेथे अठराव्या शतकात सभागृहातील भाषणे छापणे हा सभागृहाचा हक्कभंग समजला जात असे. १७७१ मध्ये लंडनच्या काही छापखानेवाल्यांनी भाषणांचे वृत्तांत छापले, म्हणून कॉमन्स सभेने त्यांना पकडण्याचे हुकूम काढले. लंडन शहराच्या दंडाधिकाऱ्यांनी छापणाऱ्याला सोडून दिले आणि त्याला पकडावयास आलेल्या सभेच्या माणसावरच आरोप ठेवला. सभा संतापली. शहराचा लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी याची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. परंतु लंडनचे लोक क्रॉस्बीच्या बाजूने रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतर वृत्तांत छापणाऱ्यांच्या मागे लागण्याचे पार्लमेंटने हळूहळू सोडून दिले. पुढे ज्या हॅन्सर्ड घराण्याने हे वृत्तांत छापले, त्याचेच नाव अधिकृत अहवालाला पडले. तात्पर्य, प्रतिनिधी काय बोलला हे मतदाराला कळावे यासाठी कोणाला तरी तुरुंगात जावे लागले आहे.

आपल्या देशातील कहाणीही याहून फार वेगळी नाही. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात सभासद होते. त्यांना निवडून देणारे मतदार मूठभर होते. आजच्यासारखा जनतेचा कौल त्यांच्या पाठीशी नव्हता. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे ही सूचना पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळली गेली. गोखले हरले. पण ते काय बोलले, सरकारने काय उत्तर दिले आणि मते किती पडली, हे कागदावर राहिले, म्हणून तो पराभव देशाच्या स्मरणात राहिला. शतक लोटल्यावर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क कायद्यात आला, तेव्हा त्या १३ मतांची आठवण अनेकांना झाली. नोंद नसती तर आठवण कशाची झाली असती?

स्वातंत्र्यानंतर संसद आपली झाली. परंतु तेथील भाषण बाहेर छापणाऱ्याचे संरक्षण काय, हा प्रश्न उरलाच. सभागृहात बोलणाऱ्या सभासदाला घटनेच्या १०५ व्या अनुच्छेदाने अभय दिले आहे. पण तेच शब्द वर्तमानपत्राने छापले तर त्याच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद होऊ शकत होती. रायबरेली भागाचे प्रतिनिधी फिरोझ गांधी यांनी ही उणीव ओळखली. त्यांनी खासगी सभासदाचे विधेयक आणले आणि १९५६ मध्ये ते कायदा झाले. संसदेच्या कामकाजाचा सारतः खरा वृत्तांत द्वेषबुद्धीवाचून छापणाऱ्याला त्या कायद्याने संरक्षण मिळाले.

या कायद्याचे मोल लौकरच दिसून आले. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, तोच १९५७ च्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. पैसा विमेदारांचा होता. लहान पगाराच्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते होते. सप्टेंबरात रामसुभग सिंह यांनी लोकसभेत याविषयी प्रश्न विचारला. सरकारकडून मिळालेल्या उत्तराने कोणाचेच समाधान झाले नाही. डिसेंबरात फिरोझ गांधींनी तो विषय कागदपत्रांच्या आधाराने सभागृहापुढे मांडला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, रामसुभग सिंह आणि फिरोझ गांधी हे दोघेही सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच सभासद होते. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मोहंमद करीम छागला यांनी मुंबईस उघड्या दारांनी साक्षी घेतल्या आणि सुमारे महिन्याभरात आपला अहवाल दिला. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. एका प्रश्नाने सुरू झालेली गोष्ट येथवर पोहोचली.

या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, तो कायदा रद्द करण्यात आला. फिरोझ गांधी १९६० मध्येच निवर्तले होते; कायदा रद्द करणारे सरकार त्यांच्या पत्नीचे, इंदिरा गांधींचे होते. १९७७ मध्ये नव्या सरकारने तो परत आणला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याचे तत्त्व ३६१-अ या अनुच्छेदाच्या रूपाने घटनेतच घातले. ज्याला लोकांचे तोंड बंद करावयाचे असते, तो प्रथम त्यांचे वाचन बंद करतो, हे यावरून दिसते.

आता प्रत्यक्ष नोंदीकडे वळू. ती एक वही नसून अनेक वह्या आहेत, आणि प्रत्येकीची खोड निराळी आहे.

पहिली वही हजेरीची. सभासद सभागृहात येऊन हजेरी नोंदवितो; दैनिक भत्त्याचा हिशेब त्या नोंदीवर होतो. मंत्र्यांना मात्र ही नोंद करावी लागत नाही. तेव्हा एखाद्या मंत्र्याच्या नावापुढे हजेरी दिसली नाही म्हणून तो गैरहजर होता असे समजू नये. उलट, नोंद आहे म्हणून सभासद दिवसभर बसून होता असेही समजू नये. शाळेत हजेरी लावून मागल्या दाराने निघून जाणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. साठ दिवस परवानगीवाचून सर्व बैठकांना गैरहजर राहणाऱ्या सभासदाची जागा रिकामी झाल्याचे सभागृह जाहीर करू शकते, एवढी तरतूद मात्र घटनेत आहे.

दुसरी वही प्रश्नांची. लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. असे वीस प्रश्न एका दिवसासाठी चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते; त्यांची संख्या दिवसाला २३० पर्यंत असते. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. खरी कसोटी उपप्रश्नात असते, कारण लेखी उत्तर कचेरी तयार करते, पण उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतःच्या माहितीवर उभे राहावे लागते. गोंधळात हा तास वाया गेला, म्हणजे विरोधकांचा विजय झाला असे पुष्कळांना वाटते; वस्तुतः सुटका मंत्र्याची झालेली असते. २०२० च्या सप्टेंबरातील अधिवेशनात तर साथीच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, केवळ लेखी उत्तरे मिळाली.

प्रश्नांची संख्या मोजून खासदाराची किंमत ठरविणे मात्र भाबडेपणाचे होईल. प्रश्न विकतही मिळतात, हे आपल्या संसदेने पाहिले आहे. १९५१ मध्ये हंगामी संसदेतील मुंबईचे सभासद एच. जी. मुदगल यांच्यावर, मुंबईच्या सोनेचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न विचारल्याचा ठपका आला. स्वतः पंतप्रधान नेहरूंनी चौकशी समितीची सूचना मांडली. त्या समितीचे अध्यक्ष कृष्णमाचारीच होते, जे पुढे मुंदडा प्रकरणात पायउतार झाले. हकालपट्टीचा ठराव होण्यापूर्वीच मुदगलांनी राजीनामा दिला. पुढे २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारण्याच्या प्रकरणी दोन्ही सभागृहांतील मिळून अकरा खासदारांना संसदेने काढून टाकले. म्हणून प्रश्न किती विचारले यापेक्षा कोणासाठी विचारले, हे वाचणाऱ्याने पाहावे. आपल्या जिल्ह्यातील कांद्याचा, कापसाचा, रेल्वेचा, टपालकचेरीचा प्रश्न कोणता आणि दूरच्या एखाद्या कारखानदाराच्या परवान्याचा प्रश्न कोणता, हे ओळखण्यास वकिलाची गरज नाही.

तिसरी वही मतांची, आणि ती सर्वांत अपुरी आहे. बहुतेक ठराव आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष विचारतात, होय म्हणणारे कोण, नाही म्हणणारे कोण. आवाजाचा अंदाज घेऊन निर्णय देतात. त्यात कोणाचेही नाव लिहिले जात नाही. सभासदाने मतविभागणी मागितली, तरच कोणी कोणते मत दिले ते नावानिशी नोंदले जाते. त्यातही १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्याची जागा जाऊ शकते. तेव्हा मत पाहून पक्षाचे मन कळते, सभासदाचे कळेलच असे नाही. परंतु एक गोष्ट आम्ही ठासून सांगू इच्छितो : तो कायदा मताला बांधतो, प्रश्नाला बांधत नाही. १९५७ मध्ये फिरोझ गांधींनी जे केले, ते करण्यास आजच्या सत्ताधारी सभासदालाही कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असेल तर ती तिकिटाच्या भीतीची आहे, आणि ती भीती मतदारच कमी करू शकतो.

चौथी वही समित्यांची. १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या आहेत. आज त्या चोवीस आहेत. तेथे विधेयके आणि खात्यांच्या मागण्या बारकाईने तपासल्या जातात. बैठका बंद दारांआड होतात, त्यामुळे तेथे आरडाओरड नसते आणि छायाचित्रेही नसतात. पण अहवाल संसदेपुढे ठेवले जातात, आणि कोणत्या बैठकीला कोण हजर होते हे इतिवृत्तात दिसते. अनेक मागण्यांवर सभागृहात चर्चाच होत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सर्व मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. अशा वेळी समितीत बसून हिशेब पाहणारा सभासदच आपला खरा पहारेकरी असतो. त्याची बातमी क्वचितच येते.

पाचवी वही सभासदाची स्वतःची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागतात. पाच वर्षांच्या अंतराची दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून पाहिली, तर पुष्कळ गोष्टी न बोलता कळतात.

संख्या कशी फसवते याचे एक उदाहरण कोकणचे देतो. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्ये, गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे खासगी विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली, पण ते संमत होण्यापूर्वीच १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच तत्त्व स्वीकारले. आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने ती दुरुस्ती मान्य करूनही त्या अधिकाराला मर्यादा घातली. नाथ पै यांचे म्हणणे बरोबर होते की नाही यावर आजही मतभेद होतील. पण नुसता रकाना पाहणाऱ्याला तेथे 'संमत झाले नाही' एवढेच दिसेल. स्वातंत्र्यानंतर खासगी सभासदांची अवघी चौदा विधेयके कायदा झाली, आणि त्यांतील शेवटचे १९७० मध्ये. तेव्हा या वहीत यश मोजावयाचे नसते, विचार वाचावयाचा असतो.

आता दुसरी बाजू : मतदाराने खासदाराशी कसे बोलावे? १७७४ मध्ये एडमंड बर्क याने ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितले की, प्रतिनिधीने मतदारांच्या इच्छेला मोठा मान द्यावा, पण आपली विवेकबुद्धी त्यांच्या हवाली करू नये. हे म्हणणे थोर होते. १७८० मध्ये मात्र ब्रिस्टलने त्याला पुन्हा निवडून देण्याचे लक्षण दाखविले नाही, आणि त्याला माघार घ्यावी लागली. यात बर्क चुकला की ब्रिस्टल, हा वाद जुना आहे. आमच्या मते दोघांमध्ये एक गोष्ट असावयास हवी : प्रतिनिधीने स्वतःच्या बुद्धीने वागावे, परंतु तसे का वागलो याचे कारण मतदारांना येऊन सांगावे. कारण सांगणे हेच उत्तरदायित्व.

आपल्याकडे हे बोलणे बिघडले आहे, त्याचे एक कारण संख्येत आहे. २०२४ च्या निवडणुकीत देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते आणि लोकसभेच्या जागा ५४३. म्हणजे एका खासदारामागे सरासरी १८ लाख मतदार. महाराष्ट्रात विधानसभेचे सहा मतदारसंघ मिळून लोकसभेचा एक होतो. इतक्या लोकांना खासदार नावाने ओळखील ही अपेक्षाच चुकीची. दुसरे कारण निधीचे. १९९३ च्या डिसेंबरात खासदार स्थानिक विकास योजना सुरू झाली; २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. तो केवळ सुचवितो. मंजुरी आणि अंमल जिल्हा प्रशासनाचा. पाच कोटींना अठरा लाखांनी भागा. माणशी वर्षाला अठ्ठावीस रुपये होतात. त्याच खासदाराचे मत २०२४-२५ साली सुमारे ४८ लाख कोटी रुपयांच्या केंद्रीय खर्चावर पडले. आपण अठ्ठावीस रुपयांचा हिशेब पाटीवरच्या नावावरून घेतो आणि अठ्ठेचाळीस लाख कोटींचा विसरतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

तेव्हा पत्र लिहिण्यापूर्वी पाहावे की काम कोणाचे. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, ही कामे नगरपरिषदेची. पोलीस राज्याचे. रेल्वे, टपाल, पारपत्र, भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँका ही केंद्राची. यांविषयी खासदाराला लिहावे. पत्रात विषय एकच असावा. 'गाडी थांबत नाही, लक्ष घालावे' असे लिहिले तर त्याला 'लक्ष घालतो' असे उत्तर येणार. त्याऐवजी स्थानक कोणते, गाडी कोणती, पासधारक किती, रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाकडे अर्ज केव्हा केला आणि उत्तर काय आले, हे लिहून, 'याविषयी आपण लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारावा आणि उत्तराची प्रत पाठवावी' अशी नेमकी विनंती करावी. नेमक्या विनंतीला नेमके उत्तर द्यावे लागते, अथवा न दिल्याचे दिसून येते. याखेरीज लोकसभेची याचिका समिती आहे; तेथे सामान्य नागरिकाला सहीनिशी याचिका धाडता येते. ती मराठीत असल्यास सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. सभासदालाही अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलण्याची मुभा घटनेच्या १२० व्या अनुच्छेदाने दिली आहे, हे मराठी मतदाराने आपल्या प्रतिनिधीस सांगण्यास हरकत नाही.

शेवटी एक सूचना. आपल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतून वर्तमानपत्रांच्या फायली जपल्या जातात. त्यांच्या शेजारी आणखी एक फाईल ठेवावी : आपल्या खासदाराचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे, त्यांची भाषणे, नावानिशी नोंदलेली मते, समितीतील हजेरी, सुचविलेली कामे, दोन्ही प्रतिज्ञापत्रे. हे सारे संसदेच्या आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळांवर मिळते. उतरवून घेण्यास एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी पुरे आहेत. खासदार कोणत्या पक्षाचा आहे याचा विचार न करता ती फाईल ठेवावी, आणि खासदार बदलला तरी ती बंद करू नये. मग वर्षातून एक संध्याकाळ खासदारांना त्याच वाचनालयात बोलवावे, हारतुरे न करता, आणि फाईल समोर ठेवून दोन प्रश्न विचारावेत : हा प्रश्न आपण का विचारला? तो का विचारला नाही? ते आले तर उत्तम. न आले तर तेवढीच एक नोंद त्या फाईलीत करून ठेवावी.